आबांच्या पथ्याचा भाजका घेवडा

माझ्या हातच्या पथ्याच्या पदार्थानं आमच्या आबांची शुगर वाढली. आबा म्हणजे माझे सासरे. मांडवगणला त्यांचं स्वतःचं गुऱ्हाळ, आणि डायबेटीस नेमका त्यांनाच (देवाला तालुक्यात दुसरं कुणी सापडलं नाही!). "आठवड्यानं पुन्हा तपासू. उतरली नाही तर इंजेक्शन," असं शिरूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि आबा सुईला इतके भितात की बैलाला टोचतानाही तोंड फिरवून उभे राहतात.

गोड बंद झाल्यापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. "ह्यापरीस उपास बरा," म्हणून ताट सारायचे. मला फार वाईट वाटायचं. म्हणून मोबाईलवर शोधून मी घेवड्याचा एक बेक करायचा पदार्थ काढला. मुळात त्यात साखर आणि पाक होता. तो मी बाणेदारपणे उडवला आणि भरपूर कांदा, टोमॅटो, लसूण, दालचिनी घातली. भांडं ओव्हनमध्ये ठेवलं, बटण दाबलं आणि लाईट गेली!

"गुऱ्हाळावर चुलाण पेटल्यालंच हाय की," सासूबाई म्हणाल्या. मी सगळा घेवडा मडक्यात ओतून त्यांच्याच हाती धाडला.

"गूळ करणाऱ्या मामांना सांगा, आबांसाठी आहे. मंद निखाऱ्यावर ठेवा, नीट लक्ष द्या!"

संध्याकाळी आबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. माझा जीव खालीवर!

"सूनबाई, गोड न्हाई ना ह्यात?"

"कणभरसुद्धा नाही!"

"मंग वाढ आजून."

तीनदा मागून घेतलं! सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी तर जमिनीवर नव्हतेच. कांद्याची नैसर्गिक गोडी या विषयावर मी त्यांना हात धुवेपर्यंत व्याख्यान दिलं. मग रोज तेच मडकं, तेच चुलाण. बचत गटाच्या ग्रुपवर रेसिपी टाकली, शेजारच्या दोन मधुमेहींना वाटीवाटी पोचवला (त्यांची माफी मागायची राहिली आहे).

आठवड्यानं डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून चष्मा काढला.

"आबा, खाल्लं काय?"

"सूनबाईच्या हातचं पथ्याचं."

मी घेवड्याची कृती धडाधड सांगितली. सासूबाई मात्र खाली बघत होत्या.

"त्या मामांनी पळीभर काकवी घातली व्हती," त्या पुटपुटल्या. "म्हणले, मालकासाठी हाय तर फिकं कसं द्यायचं?"

"रोज? आणि तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? वाटंत मीबी गुळाचा खडा टाकत व्हते. माणूस जेवतच नव्हता गं!"

मी आबांकडे वळले. "तुम्हाला कळलं नाही?"

"पैल्याच घासाला कळलं! माझ्या गुऱ्हाळाची काकवी मला न्हाई कळायची व्हय? पण तू एवढ्या हौसेनं केल्यालं. आन् लागत बी ब्येस व्हतं."

डॉक्टरांनी सुई काढली. आबांनी डोळे गच्च मिटले. "टोचा. पण पोरीला काय बोलू नका." मला रडूच फुटलं.

डॉक्टर बोलले नाहीत, नुसतं विचारलं, "ताई, आठवडाभर रोज करत होता. एकदाही चाखला नाहीत?"

त्यांना काय सांगणार! आठवडाभर सगळं घर तो घेवडा चापत होतं, तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून झुणका-भाकरी खात होते. म्हटलं, असलं बेचव पथ्याचं कोण खाणार?