खंडेरावांची झिजलेली ऐट

करमाडचे खंडेराव मेंढरं राखणाऱ्या घरातले, पण स्वतः शेंद्र्याच्या एका कंपनीत गेटवर वॉचमन. दातांचा त्यांना भारी गर्व. "चहा सोडला, साखर सोडली. आपल्या दाताला कीड माहीत नाय," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांना ऐकवायचे. त्यांच्या बाटलीत बिनसाखरेचं, चांगलं आंबटढाण लिंबूपाणी असायचं. दिवसभर घोट-घोट चालायचं. तोंड आंबट झालं की नळावर जाऊन कडक ब्रशनं दात घासायचे, बायका तवा घासतात तसे खसाखसा.

अलीकडं माठातलं पाणी पिलं तरी दात ठणकायचे. खंडेरावांनी दोष माठाला दिला आणि बायकोला, आक्काबाईला, नवा माठ आणायला लावला.

अशात कंपनीत दातांच्या तपासणीचं शिबिर आलं. दुखणं दाखवावं हे खंडेरावांच्या मनातसुद्धा नव्हतं. ते रांगेत लागले ते दात मिरवायला.

डॉक्टर करुणानं बॅटरी धरली, बराच वेळ पाहिलं आणि सोबतच्या डॉक्टरला हाक मारली, "मेघा, इकडं ये, हे बघ."

असा नमुना पोरींनी कुठं पाहिला असणार, असं खंडेरावांना वाटलं. त्यांनी जबडा आणखी फाकवला. मागच्या रांगेकडं पाहून भुवयाही उडवल्या.

"काका, दिवसभर आंबट काय पिता?" करुणानं विचारलं.

"लिंबूपाणी. पण लगेच घासतो, मॅडम. लई जोरात."

तिनं आरसा हातात दिला. पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या पातळ झाल्या होत्या, हिरड्यांजवळ खाचा पडल्या होत्या. "कीड नाही, खरंय. पण आंबटानं दातावरचं कवच मऊ पडतं. नेमकं तेव्हाच तुम्ही ते खरवडून काढलंत."

रांगेत हशा पिकला. खंडेरावांचे कान तापले. मग आरशातल्या चेहऱ्याकडं बघून तेही हसले. "म्हंजे गेटवर मी चोर धुंडतोय, अन् चोर माझ्याच हातात ब्रश घेऊन उभा!"

"आता लिंबू बंद का?" त्यांनी विचारलं.

"प्या की. पण जेवताना, एकाच वेळी. वरून साध्या पाण्यानं चूळ भरा. ब्रश मऊ घ्या, अन् तासाभरानं करा. गेलेलं कवच मात्र परत येत नाही."

शहरातल्या छावणी भागातल्या एका दवाखान्यात त्यांनी खाचा भरून घेतल्या. आक्काबाईनं ऐकून कपाळाला हात लावला. "अवं, बिचाऱ्या माठाला फुकटच घराबाहेर काढलं!"

पुढं लासूर स्टेशनला मेहुण्याकडं जेवायला गेल्यावर कुणी लिंबूसोड्याचा ग्लास पुढं केला. खंडेरावांनी तो जेवणासोबत संपवला, अंगणात जाऊन चूळ भरली आणि सगळे बघताहेत म्हटल्यावर आपली फजिती स्वतःच, तिखटमीठ लावून सांगितली. त्यांनी बॅटरीपुढं जबडा फाकवल्याचा प्रसंग तर मेहुण्यानं पुन्हा सांगायला लावला.