मोरांची काळी कॉफी

आमच्या मोरा फळ्यावर जेवण वाढायच्या. मोरा म्हणजे इथल्या हिब्रूत शिक्षिका. पेताह तिक्वाच्या आमच्या नर्सिंग शाळेत त्या आहारशास्त्र शिकवत. तास सुरू झाला की खडूनं मोठं गोल ताट काढायचं आणि रीतसर वाढायला घ्यायचं: मीठ, लिंबू, चटणी, बिरडं, भात, नारळाच्या दुधातली मच्छी. अर्ध्या ग्रेपफ्रूटवर सकाळ काढलेल्या आम्ही पोरी त्या खडूकडे डोळे लावून बसायचो. तास संपल्यावर फळा पुसायला कुणाचा हात उठत नसे.

मोरा मूळच्या ठाण्याच्या, आमच्या घरच्यांसारख्याच मराठी ज्यू. अंगानं ऐसपैस. वर्गाच्या दारातून येताना जरा तिरक्या व्हायच्या आणि त्याचं त्यांना काडीचंही काही वाटायचं नाही. कुणी हसलंच तर म्हणत, "सुतारानं दार कोतं केलंय, त्यात माझा काय दोष?" शिकवत हिब्रूत, पण रागावत अस्सल मराठीत. मोरोक्कोच्या न् रुमानियाच्या पोरी मान खाली घालून ते मराठी ऐकून घेत. त्यांना अक्षर कळत नसे, पण झोंबायचं मात्र बरोबर.

त्या वर्षी वसतिगृहात दिएतेची, म्हणजे डाएटची, साथ आली होती. जी ती काकडी चघळत होती आणि चादरींच्या खोलीच्या काचेच्या दारासमोर पोट आत ओढून बाजूनं वळून उभी राहत होती. मी सगळ्यांत पुढे. टोपी देण्याच्या समारंभाला फोटो निघणार होता आणि त्यात गणवेशाचा पट्टा मला शेवटच्या भोकात हवा होता. ते भोक गाठलं, तर माझी मैत्रीण दिना कात्रीनं पुढचं पाडून देई. गुणाची पोर.

मग एका सकाळी वॉर्डात हातात बेडपॅन घेऊन मी आडवी झाले. रिकामं होतं, एवढीच देवाची कृपा. मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं, पुन्हा चक्कर आली तर घरी जायचं. घर किर्यात मलाखीला, आणि तिथं आई गल्लीभर सांगत सुटलेली की माझी मुलगी नर्स होणार. मी पार घाबरले. पण घास उचलला की पट्टा आठवायचा आणि हात खाली यायचा. खरंच जेवता येईना.

पुढच्या तासाला मोरांनी फळ्यावर नुसतं रिकामं ताट काढलं. म्हणाल्या, "बाईंचा हुकूम आहे. आहार शिकवणारीनं असं दिसू नये. आजपासून मीही दिएतेवर."

भोजनगृहात मोरा नुसती काळी कॉफी घेऊन बसू लागल्या. खुर्चीवर बसून शिकवू लागल्या. रागावणंच बंद झालं. दिना म्हणाली, "आता आपल्याला मराठीत शिव्या कोण देणार?"

आईनं पाठवलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि बिरडं घेऊन मी त्यांच्या खोलीवर गेले. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "एकटीनं खायची आमच्या घरात रीत नाही, पोरी. तू खाशील तर मी खाईन." त्यांनी एक घास घेतला. मग मी घेतला. त्यांचा घास भला मोठा, म्हणून मलाही तेवढाच घ्यावा लागला. त्यांना वाचवायचं म्हणून मी रोज जेवू लागले. बाईंच्या नावानं दातओठ खात, पण जेवू लागले.

फोटोत माझा पट्टा मधल्या भोकात आहे. ते बघायला अजून कुणाला सवड झालेली नाही, कारण शेजारी दोघींची जागा अडवून मोरा हसताहेत.

पुढे त्या निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाच्या चहाला मी मुख्याध्यापिकाबाईंना गाठून विचारलंच, मोरांना बारीक व्हायला का सांगितलं होतंत? बाई म्हणाल्या, "मी? दर शुक्रवारी तिच्या करंज्या खाऊन?"

मोरा शेजारीच करंजी खात होत्या. वर न बघता म्हणाल्या, "कॉफी फार कडू होती ग."

मोरा गेल्या. मला त्यांची फार आठवण येते. हल्ली माझी मुलगी ताट सरकवते आणि हिब्रूतून सांगते की ती जाड झालीय. मी वाद घालत नाही. माझंही ताट सरकवते, काळी कॉफी करून घेते आणि तिच्यासमोर बसते. कॉफी खरंच फार कडू असते.