एक स्थानिक माहितीदार

बाबांचं पुण्यानुमोदन रविवारी आमच्या गावी, रोहण्याला झालं. सोमवारी सरांनी मला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर उभं केलं.

सर म्हणजे आमच्या भूगोल विभागाचे प्रमुख. विभागाची इंग्रजी शोधपत्रिकाही तेच काढत. त्यांच्या हातात माझी पुस्तिका होती. सोळा पानं, झेरॉक्स केलेली, मधोमध दोन पिना. आम्हा बौद्धांमध्ये माणूस गेला की पुण्यानुमोदनाला आलेल्यांच्या हाती एखादं पुस्तक देतात. मी बाबांच्या विहिरींचं दिलं होतं. पत्रिकेत आलेला माझाच लेख, मराठीत आणलेला.

"हे कोणाला विचारून छापलं, मॅडम?"

"लेख माझा आहे, सर."

"तुमचा?" सर हसले. पलीकडच्या टेबलावरचे दोघं हसले. सरांनी फाइलमधून एक कागद काढला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला. "मग ही सही कोणाची?"

सही माझीच होती. लेख स्वीकारल्याचं पत्र आलं त्याच दिवशी केलेली. लेखाची प्रुफं मी तीनदा वाचली होती. हा कागद एकदाही वाचला नव्हता. आनंदात कारकुनाकडून पेन मागून घेतला आणि उभ्याउभ्याच सही केली. आता वाचला. लेखाचे सगळे हक्क मी पत्रिकेला दिले होते. छापायचा, वाटायचा, दुसऱ्या भाषेत न्यायचा. कायद्याच्या संपूर्ण मुदतीसाठी. म्हणजे मी मेल्यावरही साठ वर्षं.

"भाषांतरसुद्धा आमचं," सर म्हणाले. "तुम्हा लोकांना फुकटाची सवयच लागली. नोकरी घेतली, आता पत्रिकाही वाटायला काढली."

एक जण चहा ढवळत होता, तो ढवळत राहिला.

सरांनी दोन गोष्टी सांगितल्या. लेखी माफी. आणि वाटलेल्या सगळ्या पुस्तिका गोळा करून पुढच्या सोमवारी टेबलावर. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. तिच्यावरचा शेरा त्यांच्याच हातात होता.

मी म्हणाले, "होय, सर."

हे लिहून ठेवलंच पाहिजे. मी होय म्हणाले.

बाबा विहिरी खोदायचे. आर्वी तालुक्यातल्या कितीतरी विहिरी त्यांनी आणि श्रावणकाकांनी मिळून खोदल्या. मुरूम कुठे संपतो, काळा दगड कुठे लागतो, कोणत्या फटीतून झरा येतो, हे त्यांना हाताने कळायचं. पाणी लागलं की मालक नारळ फोडायचा आणि मग बाबांच्या ओंजळीत लांबून पाणी ओतायचा. त्यांनीच काढलेलं पाणी. हे त्यांनी मला कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही. विहिरीची खोली सांगताना मध्येच सांगितलं.

दोन उन्हाळे आम्ही बापलेक बांधाबांधाने फिरलो. ते बोलायचे, मी लिहायची. त्यांचं बोलणं मी इंग्रजीत नेलं. लेखात त्यांचं नावही घातलं होतं. सरांनी ते खोडलं. "शेतमजुराचं नाव लेखक म्हणून येत नाही. आभारात घ्या." आभारात छापून आलं ते एवढंच : एक स्थानिक माहितीदार.

अंक घेऊन मी घरी गेले. बाबांनी हात धुतले, लुंगीला पुसले, मग अंक घेतला.

"याच्यात माह्यं नाव कुठी हाये वं?"

मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे माह्यं नाव हाये?"

"तुमच्याबद्दलच लिहिलंय, बाबा."

ते बराच वेळ त्या ओळीकडे पाहत होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पण आपलं नाव किती लांब आहे हे माणसाला माहीत असतं. त्यांनी अंक परत दिला. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. मी मराठी पुस्तिका केली ती त्या एका ओळीसाठी. पहिल्या पानावर त्यांचं पूर्ण नाव घातलं, खाली माझं.

शनिवारी मी पिशवी घेऊन रोहण्याच्या बसमध्ये बसले. बापाच्या नावाने दिलेलं परत मागायला. पहिल्या दोन घरांनी काही न विचारता पुस्तिका दिल्या. त्यांना वाटलं असेल, मास्तरीण बाईचं काही काम असेल. तिसरं घर श्रावणकाकांचं. ते अंगणात खाटेवर होते. सून बाजूला तूर निवडत होती.

"काका, ती पुस्तिका द्या."

"नेऊन कोनाले देतं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, सहीसुद्धा.

"म्हंजे इहिरी आमी खंदल्या, सांगतलं तुह्या बापानं, लिवलं तू. अन् मालक तो काऊन?"

"मी सही केली, काका."

"तू कागदावर केली असन. दगडावर तर नाई केली ना?"

सून हसली. मग उठून घरातून पुस्तिका घेऊन आली. देता देता म्हणाली, "बाई, आमी हे खराब करून ठिवलं जी. तुमाले चालन का?"

मी पानं उलटली. समासात निळ्या बॉलपेनने लिहिलेलं होतं. पाटलाच्या मळ्यातली विहीर बारा हात नाही, पंधरा हात. नाल्याकाठच्या विहिरीत झरा उगवतीकडून नाही, मावळतीकडून. एका पानावर एक अख्खी विहीर नव्याने मांडली होती, माझ्या लेखात नसलेली. काका सांगत गेले होते आणि सून लिहीत गेली होती.

"तुह्या बापाले इसर पडला होता," काका म्हणाले. "ते इहीर माह्या एकट्याची हाये. तो त्या साली बिमार होता. पुढच्या खेपेले टाकजो."

पत्रिकेत तो लेख येऊन वर्ष झालं होतं. तिथून एकही दुरुस्ती आली नव्हती. इथे सहा दिवसांत तीन चुका सापडल्या होत्या. मी पिशवीतल्या दोन पुस्तिका काढल्या आणि ज्यांच्या त्यांना परत देऊन आले.

सोमवारी सरांच्या टेबलावर एक कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं : त्या लेखातल्या वाक्यांवर तुमचा हक्क आहे, ते मी मान्य करते, ती वाक्यं मी पुन्हा छापणार नाही. विहिरी किती खोल आहेत, पाणी कुठून येतं, यावर कोणाचाही हक्क नाही. ते मी नव्याने लिहीन. माफी मागणार नाही. पुस्तिका परत येणार नाहीत.

सरांनी वाचला. "नोकरी?"

"तुमच्या हातात आहे, सर."

नोकरी कायम व्हायला आणखी सहा वर्षं गेली. दर वर्षी शेरा तोच : सहकार्याची वृत्ती नाही. मी दमले. अजून दमलेलीच आहे. पण मी, काका आणि त्यांची सून पुन्हा बांधाबांधाने फिरलो आणि सगळं नव्या शब्दांत लिहिलं. पुढे कॉलेजात इंटरनेट आलं तेव्हा कळलं की लेखकाने हक्क स्वतःकडे ठेवून लेख सगळ्यांसाठी मोकळा करायची कायदेशीर रीत जगात आहे. तिला मुक्त परवाना म्हणतात. नव्या पुस्तिकेत मी तो घातला. कोणीही छापावं, वाटावं, आपल्या भाषेत न्यावं, चुकलं तिथे दुरुस्त करावं. नावं काढू नयेत. केलेली दुरुस्तीही अशीच मोकळी ठेवावी.

त्यानंतर कुठल्याही पत्रिकेला मी सगळे हक्क दिलेले नाहीत. तशा कागदावरची ती ओळ मी खोडते, बाजूला लिहिते : फक्त एकदा छापण्याची परवानगी. दोन पत्रिकांनी लेख परत पाठवले. पाठवोत. यापुढेही खोडीन.

सर निवृत्त झाले. पहिला लेख अजून त्यांच्या पत्रिकेचाच आहे. श्रावणकाका गेले. निम्म्या विहिरी बुजल्या. पुस्तिका आहे. तिच्यावर चौघांची नावं आहेत.