फुलीच्या आधी एक काडी

मिस माझे आकडे डस्टरनं पुसत होत्या आणि वर्ग हसत होता. खडू अजून माझ्याच हातात होता. तो कुठे ठेवायचा हेसुद्धा मला सुचत नव्हतं.

पाचवीत होते मी. मीरा रोडची इंग्लिश मीडियमची शाळा, सिल्व्हर पार्कच्या बाजूची. नाव सांगत नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, अच्छा, त्या एका शाळेत असं होतं होय. गरिबांच्या पोरांसाठी सरकारनं जागा ठेवायला लावल्यात, त्यातली एक जागा मला मिळाली होती. फी सरकार भरणार. शाळेत आमचं नाव एकच, आरटीईवाले. स्टाफरूममध्ये आम्हाला आणखी काय काय म्हणायचे ते बाहेर ऐकू यायचं, पण ते मला लिहवत नाही.

पेणकरपाड्यात आमची एक खोली. बाप टेम्पोवर, कधी उगवेल कधी मावळेल नेम नाही. आई मिठागरावर टोपली वाहायची. पावसाळ्यात मिठागर बंद, तेव्हा सिल्व्हर पार्कमध्ये लोकांची भांडी. मिठानं तिच्या टाचा अशा फाटलेल्या की चादरीत अडकायच्या.

मिठागरावर बायका आपापला हिशेब आपणच ठेवायच्या. टोपली राशीवर ओतली की एक खडा कमरेच्या पिशवीत. संध्याकाळी घरी आली की आई पाय धुवायच्या आधी ते खडे ओतायची आणि विटेच्या तुकड्यानं भिंतीवर काढायची. एक टोपली, एक उभी काडी. दहा झाल्या की फुली. मुकादम मात्र दहाला नऊच धरायचा. म्हणायचा, मीठ ओलं असतं, फुकटचं वजन भरतं. आई रोज त्या फुल्यांकडे बघून बोलायची, "धा वायल्या, नऊ धरल्या. येक टोपली कुनी खाल्ली?" देवापुढे बोलतात तसं रोज. मी मोजायला त्या भिंतीवर शिकले. एबीसीडी नंतर आली.

तर पाचवीचा तो तास. मिसनी फळ्यावर काढलं, I, II, III. थोडी जागा सोडून X. म्हणाल्या, हे रोमन आकडे. हे कुणी आधी पाहिलेत का?

मी तर उडालेच. काड्या! फुली! आमच्या घरातल्या! त्या शाळेतलं काहीच कधी माझं नव्हतं. डब्यातला पास्ता माझा नव्हता, वाढदिवसाचा केक माझा नव्हता, गोष्टीतला बर्फ माझा नव्हता. आणि आज फळ्यावर माझ्या आईची भिंत. मी हात वर केला. त्या शाळेत पहिल्यांदा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मला अजून ठाऊक नव्हतं.

मिसनी खडू दिला. मी एकापासून लिहीत गेले. चारला चार काड्या, सातला सात, नऊला नऊ. दहाला फुली. किती खूश होते मी, काय सांगू.

मिसनी माझ्या नऊ काड्या पुसल्या आणि तिथे IX लिहिलं. मग वर्गाला समजावलं, लहान आकडा मोठ्याच्या आधी आला की मोठ्यातून तेवढं वजा करायचं. दहाच्या आधी एक, म्हणजे दहातून एक गेला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मिस, ती एक टोपली कुणी नेली?"

पोटातून आलेला प्रश्न होता तो. मला खरंच वाटलं, यांना माहीत असणार. एवढी मोठी शाळा, यांना माहीत असणारच मुकादम टोपली का कापतो ते.

मिस मराठीच होत्या. दादरचं घर विकून इकडे मोठा फ्लॅट घेतलेल्या. वर्गात मराठी बोललं की आम्हाला शिक्षा असायची, पण अपमान करायचा असला की मिस स्वतः मराठीत यायच्या. "टोपली? इथे टोपल्या मोजत नाहीत. कुणी शिकवलं हे?"

"आईनं."

"काय करते आई?"

"मिठागरावर जाते."

"तरीच. तुमच्यासारख्यांना सीट दिली तरी डोक्यातलं मीठ काही जात नाही."

असं म्हणत मिस माझे बाकीचे आकडेही पुसायला लागल्या. मग हसणं. ज्यांना मराठी कळत नव्हतं तेसुद्धा हसले, बाकीचे हसतायत म्हणून. मला मागे भिंतीशी उभं केलं. दहा नंबर मी बरोबर लिहिला होता. तो कुणी बघितलाच नाही.

त्या दिवसापासून माझं नाव टोपली. टोपली, पेन्सिल दे. टोपली, बाजूला हो. माझं खरं नाव शिपाईसुद्धा विसरला.

पुढच्या पालकसभेला आई आली. लग्नातली साडी नेसून, बंद चप्पल कुणाची तरी मागून, टाचा दिसू नयेत म्हणून. मिसनी दहा-बारा पालकांसमोर तिला सांगितलं, हिला घरी काही शिकवत जाऊ नका, आमचं काम दुप्पट होतं. आईनं मान हलवली. म्हणाली, "न्हाय शिकवनार, बाई." बाजूची एक बाई मोबाइलमध्ये बघून हसली. ती मोबाइलमधल्या कशाला तरी हसली असेल, असं मी स्वतःला किती वर्षं सांगितलं.

घरी आल्या आल्या आईनं फडकं ओलं केलं आणि भिंत पुसली. साडीसुद्धा बदलली नाही. मी म्हणत होते, आई राहू दे, आई राहू दे ना. ती म्हणाली, "तुला तरास नको." विटेचा रंग लवकर जात नाही. ती घासत राहिली, भिंतीचा पापुद्रा निघाला तरी घासत राहिली. मग खड्यांची पिशवी पण खिळ्याला अडकली ती अडकलीच. आता मुकादम म्हणेल तेवढंच खरं. आमचा हिशेब त्या दिवशी मिटला. मिसनी मिठागरावर पाय न ठेवता मुकादमाचं काम करून टाकलं होतं.

त्या शाळेत रांगेचा एक नियम होता. प्रार्थनेला रांग लावली की पहिला जो असेल तो लीडर. लीडर चालला की रांग चालणार. त्याला ओलांडून कुणी पुढे जायचं नाही. आरटीईवाले कायम शेवटी. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण पहिलीत पहिल्या दिवशी उभं केलं ते तिथेच. सहलीच्या फोटोत शेवटी, गॅदरिंगच्या नाचात शेवटी. आम्ही मागे उभे राहायचो आणि रांग लांब दिसायची. शाळेच्या फोटोला शोभा.

मी सहावीत गेले त्या वर्षी वर्गांच्या दारांवर रोमन आकडे बसवले, सोनेरी पत्र्याचे. दरवर्षी एक दार पुढे सरकायचं. मी सरकत सरकत VIII पर्यंत आले. अभ्यासात वाईट नव्हते. गणितात तर बरीच वर होते, कारण मला कुणी परत हसायला नको होतं. पास्तावाल्या पोरी माझी वही मागायच्या. टोपली, मॅथ्स दे ना.

आठवीच्या शेवटी शाळेतून फोन आला. प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये एसी इतका की आईच्या अंगावर काटा आला. मॅडम एकदम गोड बोलल्या. "देखिए, रूल तो आपको पता है ना. आठवीं तक गव्हर्नमेंट. नाइन्थ से आप भी सबके जैसे." सबके जैसे! आठ वर्षं सगळ्यांसारखं कधी वागवलं नाही, आणि पैसे घ्यायची वेळ आली की आम्ही एकदम सगळ्यांसारखे.

आई खुर्चीवरून उठली. मला वाटलं, चला, निघालो. पण तिनं हात जोडले. आणि जे बोलली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"बाई, मागं बसंल ती. खाली बसंल. कोनाला दिसनार पन न्हाय."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मला आईचा राग आला, हो, आईचा. वाटलं, तिचे ते जोडलेले हात धरून सोडवावेत. मॅडम हसून म्हणाल्या, असं कसं चालेल, बाकीचे पेरेंट्स काय म्हणतील? आईचे हात तसेच. मीच तिला दंडाला धरून बाहेर आणलं.

बाहेर समोरच नववीचं दार. IX. येता-जाता कित्येकदा पाहिलेलं. त्या दिवशी बघताना माझे पाय तिथेच थांबले. मिसचं वाक्य आठवलं, लहान मोठ्याच्या आधी उभा राहिला की मोठा कमी होतो. आणि मागे उभा राहिला तर? XI. अकरा. मोठा आणखी मोठा होतो. आठ वर्षं आम्ही मागेच तर उभे होतो. त्यांचं वाढवत होतो. ही साधी गोष्ट त्यांनी स्वतः मला शिकवली होती, आणि मला कळायला इतका वेळ लागला.

आई म्हणाली, "काय बघतंस? चल." मी म्हणाले, मी मागे बसणार नाही. ती रडायला लागली. म्हणाली, पुढं तरी कोन बसवतंय तुला?

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या दिवशी मी युनिफॉर्म घातला. आखूड झाला होता. आईला सांगितलं नाही. गेटवर कुणी विचारलं नाही, युनिफॉर्म होता ना. नववीच्या रांगेत मी सरळ पहिली जाऊन उभी राहिले. मागे कुजबुज सुरू झाली, टोपली, टोपली.

प्रार्थना झाली. बाकीच्या रांगा हलल्या. आमची हलली नाही, कारण लीडर मी होते आणि मी पाऊल उचललं नाही. त्याच मिस आल्या. नववी त्यांच्याकडे होती त्या वर्षी.

"मागे जा."

"नाही जाणार."

"तुझं नाव नाहीये इथे."

"नाव नाही तर मागे तरी कशाला जाऊ, मिस?"

मागच्या पोरी घामानं भिजत होत्या, कुणी मला ओलांडून गेलं नाही. लहानपणापासूनची सवय. मैदान रिकामं झालं. वरच्या गॅलरीत मॅडम येऊन उभ्या राहिल्या. पहिल्यांदा ती शाळा माझ्यासाठी थांबली होती. मग वॉचमन आला आणि माझं कोपर धरून मला गेटबाहेर नेऊन सोडलं. मागे रांग चालायला लागल्याचा आवाज आला.

मी जिंकले बिंकले नाही. उगाच कुणी टाळ्या वाजवू नका. दुसऱ्या कुठल्या शाळेत त्या वर्षी घेतलं नाही. नंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली, पहिल्या खेपेला इंग्लिश गेलं. आता काशिमिऱ्याला एका गोडाऊनमध्ये खोक्यांना लेबलं चिकटवते. तिथला सुपरवायझर पण रोज काहीतरी कापतोच. मिठागर बंद पडलं. जिथे आईची रास असायची तिथे पत्रे ठोकलेत आणि नव्या टॉवरचा बोर्ड लागलाय, फेज III. एकदा आई बघायला गेली, तर पत्र्याच्या दारातला माणूस म्हणाला, मौसी, काम के लिए आई हो क्या? ती तिथूनच परत आली. रात्र रात्र मला झोप लागत नाही. वाटतं, आपण आता असेच संपणार, एकेक करून, कुणाच्या हिशेबात न येता.

मागच्या महिन्यात आमच्या चाळीतली पोरगी आली. त्याच शाळेत आहे, कोट्यातूनच, आठवी झाली. तिच्या आईलाही फोन आला. तेच वाक्य, रूल तो आपको पता है ना. पोरगी माझ्यासमोर बसली, नखं खात. म्हणाली, "ताई, तू विचारशील का त्यांना? मी मागे बसेन. खाली पण बसेन."

मी तिच्या थोबाडीत मारणार होते. खरंच सांगते, हात उचलला होता. मग तो हात खाली आला आणि मी वीट शोधायला बाहेर गेले. विटांना काय तोटा इथे, सगळीकडे कामं चाललीत. आमच्या भिंतीवर, आईनं घासलेल्या त्याच जागेवर, मी एक फुली काढली. तिच्या आधी एक काडी. पोरीला म्हणाले, नीट बघ आणि सांग, कोण कुणाला कमी करतंय. तिनं काडीवर बोट ठेवलं.

आई कोपऱ्यातून म्हणाली, "कोन आयकनार हाय तुमचं?"

कुणी ऐकणार नाही, आई. मला माहितेय. मी ऐकवायला चाललेच नाहीये.

उद्या शाळा उघडतेय. महिनाभर मी दारोदार फिरले; पेणकरपाड्यातून आणि गोडदेवमधून आठवी झालेली कोट्यातली पोरं त्यांच्या आयांबरोबर येतायत. गोडाऊनमध्ये मी सुट्टी मागितली, मिळाली नाही, तरी जाणार. नोकरी गेली तर जाऊ दे. गेटच्या बरोबर आधी उभे राहणार आम्ही, सगळ्या रांगांच्या आधी. कोपर धरून एकीला बाहेर काढता येतं. उद्या किती कोपरं धरतात ते बघू. आजवर आम्ही कमी झालो. आता तुम्ही व्हा.