नळी हृदयात जाताना झालेलं भांडण

छपन्न-सत्तावन्न साल असेल. विहिरीवरून कळशी आणली की मला धाप लागायची, ओठ निळे पडायचे. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी दिली. नवरा आगबोटीवर नोकरीला, वर्षाने घरी येणारा. म्हणून सासरे मला बोटीने घेऊन गेले. बोटीतच म्हणाले, “एकदाच आणतोय. पुन्हा जमायचं नाही.” ते बोलतील तसंच करायचे.

कोपरापाशी शीर उघडून तिच्यातून हृदयापर्यंत नळी घालायची होती. गुंगी देणार नव्हते. गुंगीने तपासणी चुकते, असं डॉक्टर म्हणाले. कातडीपुरती बधिर करणारी सुई, बस. हात हलला तर नळी काढायची आणि तपासणी पुन्हा कधीतरी. माझ्या बाबतीत म्हणजे कधीच नाही.

पडद्यावर नळी दिसावी म्हणून खोलीत अंधार केला. घरच्या माणसांना आत सोडत नव्हते. उशाशी एक आयाबाई उभी होती. नळी दंडात सरकली तशी शीर आवळली आणि कळ खांद्यात गेली. बाईने गरम पाण्यात पिळलेलं फडकं दंडावर ठेवलं.

“श्वास सोड, बाय. कोंडून धरू नको.”

जरा बरं वाटलं. पुन्हा कळ आली. देवाचं नाव घेऊन पाहिलं, कळ ऐकेना. बोटं आपोआप वळायला लागली. बाईने ते पाहिलं.

“गाव कुठलं गो तुझं?”

“रत्नागिरी.”

“मी तिकडचीच, पूर्णगडची. बांगड्याला काय घालता तुम्ही?”

“तिरफळं.”

“घालणारच. मासा धुवायचा कंटाळा, मग वास मारायला तिरफळं!”

मी चिडले. “येऊन बघा आमचा धुतलेला मासा. तुमचं कालवण म्हणजे नुसतं आंबट पाणी.”

“माझ्या सासूसमोर म्हण. जीभ हासडेल.”

“आणा तिला.”

अंधारातून डॉक्टर म्हणाले, “भांडा, पण हात हलवू नका.”

आम्ही भांडलो. कळ गेली नव्हती, पण तिच्याकडे बघायला मला फुरसत नव्हती. नळी बाहेर आली तेव्हा वाद नारळावर आला होता. हात हलला नाही.

हृदयाची एक झडप आवळलेली निघाली. कापाकापी नको, पण जड काम नाही आणि मूल नाही, असं सांगितलं.

सासूबाई पूर्वी दिवसभर माझ्यावर ओरडायच्या. आता हळू बोलू लागल्या, मग बोलेनाशाच झाल्या. जावेने कळशी घेतली, त्याबरोबर विहिरीवरच्या गप्पाही गेल्या. नवऱ्याच्या पत्रात ‘प्रकृतीस जपणे’ एवढंच. मी ओटीवर बसून सुपारी कातरायची. शेजारणी फाटकातूनच मान हलवून पुढे जायच्या.

एकदा जाऊ माहेरी गेली आणि चूल माझ्याकडे आली. मी कालवणात दुप्पट मीठ घातलं. कोणीतरी ताट सारेल, भांडेल म्हणून दाराशी उभी राहिले. सासऱ्यांनी भात कालवला, दोन घास खाल्ले, तांब्याभर पाणी प्यायले.

“बरं झालंय,” म्हणाले.