शेवंताकाकूंची विहीर

आज सकाळी टँकरचं पाणी बादलीत ओतलं आणि ब्लिचिंगचा उग्र वास घरभर पसरला. मला एकदम शेवंताकाकू आठवल्या. भंडाऱ्याच्या आमच्या गल्लीत सारे त्यांच्याच विहिरीचं पाणी प्यायचे. थंड, गोड पाणी होतं ते.

नळयोजनेसाठी विहीर बुजवायची म्हणून नगरसेवक कागद घेऊन आले. काकूंना वाचता येत नव्हतं. हातमागावरून उठून त्यांनी तो कागद माझ्या हाती दिला. मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो.

"बापू, नळाचं लिहिलं आहे ना याच्यात?"

नगरसेवकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "सांगा ना मास्तर, रोज दोन टाइम पाणी येईन."

"आहे काकू," मी म्हणालो. त्यांनी अंगठा लावला.

नळाला आठवडाभर पाणी आलं, मग तोटीतून नुसती हवा यायला लागली. काकू शेवटपर्यंत टँकरच्या रांगेत उभ्या राहिल्या. नगरसेवकाला शिव्या द्यायच्या, पण मला कधी काही बोलल्या नाहीत. आपल्यासारखंच यालेही फसवलं, असं त्यांना वाटायचं.

त्या कागदावर फक्त विहीर बुजवायचं लिहिलं होतं. नळाचा शब्दही नव्हता, आणि मी तो कागद दोनदा वाचला होता.