दाजींच्या गाडीचे दिवे आणि माझं जेवण

माझ्या दाजींसारखा हटवादी माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून दुसरा सापडायचा नाही, आणि हे मी कौतुकानं नाही, रागानं सांगतो आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. माधवनगरच्या एका कापड गिरणीत त्यांनी उभा जन्म इलेक्ट्रिशियन म्हणून काढला, आणि निवृत्त झाल्यावर त्यांना घरातली एकही वस्तू दुकानातून आली तशी बघवेना. अक्काचा मिक्सर रेडिओ लावल्याशिवाय फिरत नसे. दारावरची घंटा दाबली की ती न्हाणीघरात वाजे. कारण काय, तर घंटा ऐकू येत नाही ती फक्त न्हाणीघरातल्या माणसाला. हे एका परीनं खरंच होतं, म्हणून तर जास्त संताप यायचा. वाद घालायला जावं तर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "मी जोडलेली तार चुकली असं गिरणीत एकानं बी म्हटलं न्हाई." या एका वाक्यावर दाजींचं सगळं आयुष्य उभं होतं. बाकी काहीही बोला, हसून सोडून देत. तार चुकली म्हणालात तर चहा अर्धा टाकून उठत.

नव्वद सालानंतर कधीतरी त्यांनी एक जुनी गाडी घेतली. परदेशात अंधार पडला की गाड्यांचे दिवे आपोआप लागतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. झालं. महिनाभर अक्काचा ओटा तारांनी भरलेला. शेवटी एका साबणाच्या डबीत उजेड ओळखणारा शेंगदाण्याएवढा तुकडा, दिव्यांचा प्रवाह जोडणारा-तोडणारा रिले आणि एक बारीक स्क्रू असं सगळं बसवून त्यांनी ती डबी गाडीच्या काचेमागं चिकटवली. उजेड कमी झाला की डबीत टक् असा आवाज होई आणि पुढचे दोन्ही दिवे लागत. किती कमी झाला म्हणजे अंधार म्हणायचं, ते स्क्रू फिरवून ठरवायचं. गाडीत दिव्याचं बटण आधीपासूनच होतं, ते हातानं दाबता येत होतं, हे मी एकदा त्यांच्या लक्षात आणून दिलं. "हातानं दाबायला अक्कल कुठं लागतीया?" असं मलाच उत्तर मिळालं.

त्या गाडीतून दाजी आणि अक्का साताऱ्याला आमच्याकडं येत, आणि परत जाताना मलाही बळंच घेऊन जात. तो प्रवास मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. रस्त्याकडेच्या वडांची सावली आली की टक्, दिवे चालू. सावली गेली की टक्, बंद. दिवसा कुणाच्या गाडीचा दिवा लागलेला दिसला की समोरचा माणूस हाताची बोटं मिटून उघडून खूण करतो, हा आपल्याकडचा रिवाजच आहे. साताऱ्यापासून माधवनगरपर्यंत निम्म्या महाराष्ट्रानं आम्हाला बोटं मिटून उघडून दाखवली. ट्रकवाल्यांनी दाखवली, एसटीच्या ड्रायव्हरनं दाखवली, उसाच्या बैलगाडीवर बसलेल्या म्हाताऱ्यानं दाखवली. एक दूधवाला तर मोटारसायकल शेजारी आणून ओरडला, "आवं दिवा चालू हाय." दाजी शांतपणे म्हणाले, "ठाऊक हाय." त्याच्याकडं त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. पुढं तासगावच्या अलीकडं डाव्या अंगानं एक सायकलवाला आला, तो यांना दिसलाच नाही. अक्का किंचाळली म्हणून गाडी थांबली. "मधीच घुसला की," म्हणून दाजींनी सगळा दोष त्या बिचाऱ्यावर टाकला, आणि माझं डोकं भडकलं ते पार माधवनगर येईपर्यंत.

पण रस्त्यावरचं मी सहन केलं असतं. माझ्या पोटावर आलं तेव्हा मात्र हद्द झाली. आम्ही जैन. दिवस मावळल्यावर तोंडात घास घालायचा नाही, हा नेम आमच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेला, आणि मीही तो मनापासून पाळतो. दिवस कधी मावळतो ते बाकीची माणसं आभाळाकडं बघून नाहीतर पंचांगात बघून ठरवतात. दाजींचा पंचांगावर विश्वास नव्हता. "पंचांगवाल्यानं माधवनगरात येऊन सूर्य बघितलाय का?" म्हणत. म्हणून त्यांनी एक पद्धत काढली. दुपार कलली की गाडी अंगणात उघड्यावर आणून लावायची, चावी फिरवून ठेवायची आणि डबीवर सोडून द्यायचं. दिवे लागले की दाजी गाडीतून उतरत, हात धुवत, आणि घरातली चूल त्या दिवसापुरती संपे. डबी चुकू नये म्हणून दर रविवारी तिची परीक्षा होई. अंगणात उभं राहून ते आपला तळहात डोळ्यांपुढं धरत. हातावरच्या रेषा दिसेनाशा झाल्या की अंधार झाला, असं त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. रेषा दिसेनाशा झाल्या की ते स्क्रू फिरवून बरोबर त्या क्षणाला दिवे लावून घेत.

शनिवारी अर्धा दिवस ऑफिस करून मी साताऱ्याहून एसटीनं निघे आणि सहाच्या सुमाराला अक्काच्या दारात पोचे. पहिल्या वर्षी जेवण मिळालं. दुसऱ्या वर्षी एका उन्हाळ्यात सहाला पोचलो तर गाडीचे दिवे लागलेले आणि अक्का भांडी घासत बसलेली. पश्चिमेला सूर्य चांगला पुरुषभर वर होता. पुढच्या खेपेला साडेपाचला पोचलो, तरी तेच. मग साहेबाच्या हातापाया पडून लवकर सुटलो, पाचला आलो. अंगणात लख्ख ऊन पडलेलं, कपडे वाळत घातलेले, आणि त्या उन्हात गाडीचे दोन दिवे निर्लज्जासारखे जळत होते. स्वयंपाकघरातून दोडक्याच्या भाजीचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा वास येत होता.

"दाजी, घामानं सदरा भिजलाय माझा, आणि तुमी म्हणताय दिवस मावळला?"

"मी न्हाई म्हणत. डबी म्हणतीया."

"डबी बिघडली आहे."

बोलून गेलो. दाजी उठून आत गेले आणि भिंतीकडं तोंड करून निजले. मी उपाशी. अक्का माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बिघडलीच असंल रं. मी बी चार वाजता जेवून उठते. पर त्यांना कोण सांगायचं?" हे ऐकून माझा उरलासुरला धीर सुटला. माणसानं स्वतः हट्ट करावा, बायकोला भर उन्हात जेवून उठायला कशाला लावावं?

रविवारी दुपारी मी सांगलीतून गाड्यांची वायरिंग करणारा एक मिस्त्री घेऊन आलो. दाजींच्या अंगणात दुसरा माणूस टेस्टर घेऊन उभा राहिला, हा केवढा अपमान होता ते मला कळत होतं. मला तो करायचाच होता. दाजी खुर्ची टाकून समोर बसले. "तार चुकली निघाली तर ही डबी मीच उपटून टाकतो," म्हणाले, "आणि पुन्यांदा टेस्टर हातात धरणार न्हाई."

मिस्त्रीनं तासभर डबी उलटीपालटी केली. जोड तपासले, काच पुसली, शेंगदाण्याएवढा तुकडा काढून नवा बसवून बघितला आणि जुनाच परत लावला. वर हात धरला की दिवे लागत, हात काढला की विझत. शेवटी कपाळावरचा घाम पुसत तो दाजींकडं वळून म्हणाला, "काका, काम लय नंबरी हाय. डबीत एक दोष न्हाई. फकस्त स्क्रू भलताच पुढं गेलाय. कुणी फिरवला?"

"मीच फिरवतो. दर रविवारी. हात बघून."

"आत्ता बघा बरं."

साडेचार वाजले होते. दाजींनी तळहात डोळ्यांपुढं धरला. थोडा जवळ घेतला, थोडा लांब नेला. मग जिंकलेल्या माणसाच्या सुरात म्हणाले, "बघ. रेषा न्हाईत दिसत. झाला की अंधार."

मिस्त्रीनं स्वतःच्या हाताकडं बघितलं. मीही माझ्या बघितलं. ऊन तळहातावर पडलं होतं, एकूण एक रेष दिसत होती, बोटाला लागलेला ऑफिसातल्या शाईचा डाग दिसत होता. अक्का पदराला हात पुसत बाहेर आली, आमची तोंडं बघून तिला समजलं, आणि तिनं जाऊन दाजींचा पसरलेला हात आपल्या हातात घेतला. दोन वर्षं मी त्या डबीला शिव्या घातल्या होत्या. त्या घटकेला मला मनापासून वाटलं की देवा, डबी बिघडलेली असायला हवी होती.

मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही, थेंब नेमानं घातले तर आहे ती टिकेल, म्हणाले. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माझी तार बरोबर हुती?" डॉक्टरांना काही कळलं नाही. मीच "व्हय, दाजी" म्हणालो. परत येताना गाडीची चावी मी मागायच्या आधीच त्यांनी माझ्या हातात दिली आणि वाटभर बाहेर तोंड करून बसले. माझा राग कुठं गेला ते मला आजवर सापडलेलं नाही. दुसऱ्या कुणावर तो काढायची सोय नव्हती.

त्या संध्याकाळी स्क्रू मी लावला. सहाला पानं वाढली. दाजी घाईघाईनं जेवत होते, दिवस संपायच्या आत उरकायचं म्हणून. चटणी हाताला लागेना तशी अक्कानं वाटी सरकवून त्यांच्या बोटांजवळ ठेवली. अर्ध्या भाकरीवर ते थांबले. दाराकडं तोंड करून, पण कुठंच न बघता म्हणाले,

"अजून उजेड हाय का रं?"

नेमाची गोष्ट, खोटं बोलून चालणार नव्हतं. मी उठून दारात गेलो आणि आभाळ नीट बघून आलो.

"हाय, दाजी. लय हाय. सावकाश जेवा."